‘ठसेतज्ज्ञांना पाचारण’ म्हणजे नेमकं काय? बोटांच्या रेषा वाचणाऱ्यांचं काम, आणि त्यात देगलूरच्या पोरा-पोरींना असलेली वाट

देगलूर : घरफोडीची बातमी असो की खुनाची, शेवटची ओळ ठरलेली असते. “घटनास्थळी श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले.” बातमी तिथंच संपते. कुत्रं कुठपर्यंत माग काढत गेलं, याची चर्चा पारावर चार दिवस चालते. पण ठसेतज्ज्ञ आले, त्यांनी काय केलं, काय उचलून नेलं आणि त्याचं पुढं कोर्टात काय झालं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

खरं तर हा विषय प्रत्येक घराचा आहे. रेशन अंगठ्यावर मिळतं, बँकेचे पैसे अंगठ्यावर निघतात, जमिनीच्या खरेदीखतावर अंगठा लागतो. आणि घरात चोरी झाली तर चोराचा माग लागायचा तोही बहुतेक वेळा अंगठ्यावरूनच. हा अंगठा वाचणारी माणसं कोण, ती तयार कशी होतात आणि त्यांचं काम सोपं किंवा अवघड करणं आपल्या हातात कसं आहे, ते समजून घेऊ.

शंख, चक्र आणि कमान

गावाकडं जुनी माणसं लेकराचा हात धरून बोटांवर शंख किती, चक्र किती हे मोजतात. नशिबाचं सोडून द्या, पण त्यांची नजर बरोबर ठिकाणी असते. ठसेतज्ज्ञही पहिल्यांदा हेच बघतो. रेषा एका बाजूनं येऊन वळून परत त्याच बाजूला गेल्या तर तो फास. गोल गोल फिरल्या तर चक्र. एका बाजूनं येऊन मधे उंचावून दुसऱ्या बाजूला निघून गेल्या तर कमान. जगातल्या माणसांच्या बोटांवर साधारण ६० ते ६५ टक्के फास, ३० ते ३५ टक्के चक्रं आणि पाचेक टक्के कमानी सापडतात.

पण नुसत्या चक्रावरून माणूस ओळखू येत नाही, कारण चक्र लाखोंच्या बोटांवर असतं. ओळख पटते ती बारीक खुणांवरून. एखादी रेषा मधेच थांबते, एखादीला फाटा फुटतो, कुठं छोटंसं बेट तयार होतं, कुठं नुसता ठिपका असतो. या खुणा कुठं आहेत आणि एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, यावरून ठसा कुणाचा ते ठरतं.

या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात आणि मरेपर्यंत तशाच राहतात. एकाच वेळी जन्मलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्या बोटांच्या रेषासुद्धा वेगळ्या असतात. ऊसतोड, खुरपणी, सिमेंटचं काम यांनी वरची कातडी झिजते आणि रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही. पण हाताला थोडा आराम मिळाला की त्याच रेषा पुन्हा वर येतात, कारण त्यांचा साचा आतल्या थरात असतो.

ही विद्या आली कुठून?

जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र म्हणजे फिंगरप्रिंट ब्युरो लंडनमध्ये नव्हे, तर १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं. ठशांची वर्गवारी करायची जी पद्धत पुढं जगभर गेली, ती एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते. पण तिच्यामागचं गणित बसवलं ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी. दहा बोटांच्या ठशांचे कागद १,०२४ खणांमध्ये असे वाटून ठेवायचे, की हवा तो कागद काही मिनिटांत हाताला लागावा, ही त्यांची युक्ती होती. कॉम्प्युटर यायच्या आधी जगातल्या पोलिसांनी कित्येक वर्षं याच खणांवर काम केलं.

घटनास्थळी पहिले काही तास

समजा, मरखेल किंवा हाणेगाव भागातल्या एखाद्या गावात रात्री घरफोडी झाली. सकाळी घरचे उठतात, कपाट उघडं दिसतं, आरडाओरडा होतो आणि दहा मिनिटांत अर्धं गाव घरात. एकजण कपाटाचं दार हलवून बघतो. दुसरा पडलेला डबा उचलून जागेवर ठेवतो. घरातली बाई सवयीनं फरशी पुसून घेते. नांदेडहून पथक सुमारे ८० किलोमीटर अंतर कापून येईपर्यंत चोराच्या ठशावर पंधरा जणांचे ठसे बसलेले असतात.

पथकाच्या पेटीत मऊ ब्रश, वेगवेगळ्या रंगांची पावडर, भिंग, चिकटपट्टी आणि कॅमेरा असतो. बोटाच्या टोकाला घाम आणि थोडा तेलकटपणा असतो. बोट जिथं लागतं तिथं त्या ओलाव्याची नक्षी उमटते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. पावडर त्या ओलाव्याला चिकटते आणि रेषा वर येतात. काच किंवा पांढऱ्या फरशीवर काळी पावडर, गडद रंगाच्या कपाटावर पांढरी किंवा करड्या रंगाची. आधी फोटो काढायचा आणि मगच चिकटपट्टीनं ठसा उचलायचा, हा नियम. उचलताना ठसा बिघडला तरी फोटो हातात राहतो.

प्रत्येक वस्तूला वेगळा उपाय लागतो. कागदावरचा ठसा पावडरनं नीट उठत नाही. त्यासाठी निनहायड्रिन नावाचं रसायन वापरतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन कागदावर जांभळ्या रेषा उमटतात. प्लास्टिकच्या पिशवीला बंद पेटीत ठेवून फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ देतात, मग रेषांवर पांढरा थर बसतो. स्टीलचा डबा, काच, पॉलिश केलेलं कपाट, मोबाइल यांवर ठसा चांगला मिळतो. शेणानं सारवलेली भिंत, खडबडीत दगड किंवा पोतं यांवर जवळपास मिळतच नाही. काही ठसे तर उघड्या डोळ्यांनाच दिसतात. रक्तात किंवा रंगात भरलेल्या बोटाचे, नाहीतर साबणावर, मेणावर दाबून बसलेले.

ठसेतज्ज्ञ घरच्या माणसांचेही ठसे मागतात. त्यावर कधी कधी लोक रागावतात, “आमच्यावरच संशय का?” तसं नसतं. घरातल्यांचे ठसे आधी बाजूला काढल्याशिवाय परका ठसा कुठला ते कळतच नाही. त्यामुळं ते द्यायला मागं-पुढं पाहू नये.

चोरी किंवा मोठा गुन्हा घडल्याचं लक्षात आलं तर एवढं करावं :

– जखमी माणूस असेल तर आधी त्याला दवाखान्यात न्यावं. जीव वाचवण्यापुढं ठसे महत्त्वाचे नाहीत.
– ११२ ला फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत खोलीला बाहेरून कडी लावावी. आत गर्दी करू नये.
– तुटलेलं कुलूप, कोयंडा, पडलेला डबा, हत्यार, काचेचे तुकडे यांना हात लावू नये. उचलून ‘जपून’ तर मुळीच ठेवू नये.
– झाडू, पोछा, सारवण थांबवावं.
– वस्तू उघड्यावर असेल आणि पाऊस-वारा सुटला असेल, तर स्पर्श न करता वरून टोपलं किंवा घमेलं पालथं घालावं.
– आपण कुठं कुठं हात लावला ते पोलिसांना खरं सांगावं.

मशिन यादी देतं, निर्णय माणूस देतो

घटनास्थळी मिळालेला ठसा पुढं कॉम्प्युटरवर जातो. महाराष्ट्र पोलिसांकडं ‘अ‍ॅम्बिस’ नावाची यंत्रणा आहे. तिच्यात बोटांसोबत तळहात, चेहरा आणि डोळ्यांतल्या बुबुळाचीही नोंद ठेवता येते. देशपातळीवर ‘नाफिस’ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या या यंत्रणेचं उद्घाटन १७ ऑगस्ट २०२२ रोजी झालं. अटक झालेल्या माणसाला यात दहा आकडी क्रमांक मिळतो आणि तो देशभर एकच राहतो.

देगलूरसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. आपला तालुका तेलंगण आणि कर्नाटक, दोन्हींना लागून. इकडं मदनूर, तिकडं औराद. रात्री गुन्हा करून माणूस अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्या राज्यात पोहोचतो. पूर्वी तिकडच्या नोंदी पाहायच्या तर पत्र पाठवून वाट बघावी लागायची. आता तेलंगणात आधी पकडलेल्या माणसाचा ठसा इथं सापडला तर तो शोधता येतो. बेवारस मृतदेहांच्या बाबतीतही हेच. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेश हे नाफिसच्या मदतीनं मृताची ओळख पटवणारं पहिलं राज्य ठरलं.

मात्र मशिन “हाच तो” असं सांगत नाही. ते मिळत्याजुळत्या ठशांची यादी पुढं ठेवतं. मग ठसेतज्ज्ञ दोन ठसे शेजारी-शेजारी घेऊन एकेक खूण ताडून बघतो. किती खुणा जुळल्या म्हणजे पुरे, याचा जगभर एकच आकडा नाही. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं १६ खुणांचा नियम होता, तो २००१ साली सोडून दिला गेला. पण एक गोष्ट सगळीकडं सारखी आहे. ज्याचं कारण सांगता येत नाही असा एक जरी खरा फरक निघाला, तर ठसा त्या माणसाचा नाही.

आधारमध्ये सगळ्यांचे ठसे आहेत, मग चोर का सापडत नाही?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. याचं उत्तर शेजारच्या गोव्यात सापडतं. वास्कोतल्या एका शाळेत लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या तपासात सीबीआयनं आधारकडं गोव्यातल्या लोकांची बायोमेट्रिक माहिती मागितली. खालच्या कोर्टानं ती द्यायला सांगितलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढं गेलं. शेवटी मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची माहिती कुणालाही देऊ नये असं बजावलं.

पुढं २०१६ चा आधार कायदा आला. त्याच्या कलम २९ नुसार बोटांचे ठसे आणि बुबुळाची नोंद कुठल्याही कारणासाठी कुणालाही देता येत नाही. म्हणजे पोलीस ठसा शोधतात तो आधारमध्ये नव्हे, तर आधी अटक किंवा शिक्षा झालेल्यांच्या नोंदीत. चोर नवखा असेल तर तो यादीत नसतो. मग संशयित हाती लागेपर्यंत ठसा जपून ठेवावा लागतो.

ठसा काय सांगतो, काय सांगत नाही

ठसा सांगतो की या माणसाचा हात इथं लागला होता. कधी लागला आणि कशासाठी लागला, हे तो सांगत नाही. भारतातल्या अगदी जुन्या खटल्यातच ही गोष्ट दिसली होती. बंगालमधल्या जलपायगुडी भागात चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतल्या पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तो ठसा आधी शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. १८९८ साली कोर्टानं त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडलं. पंचांगाला हात लावला हे सिद्ध झालं, मारलं हे सिद्ध झालं नाही.

आजही हाच हिशेब आहे. दुकानातल्या गड्याचा ठसा गल्ल्यावर असणारच, त्यावरून तो चोर ठरत नाही. पण कधीही त्या घरात न आलेल्या माणसाचा ठसा बंद तिजोरीच्या आतल्या बाजूला सापडला, तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, वाचणारा माणूस चुकू शकतो. ११ मार्च २००४ रोजी स्पेनमध्ये माद्रिदच्या रेल्वेंत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाचा आहे, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं आणि त्याला अटक झाली. नंतर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा अल्जेरियातल्या वेगळ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. एफबीआयला माफी मागावी लागली आणि सरकारला २० लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. कॉम्प्युटरनं दिलेल्या यादीतलं नाव डोक्यात धरून तज्ज्ञांनी ठसा वाचला होता. म्हणून एकानं जुळवलेला ठसा दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायचा, ही शिस्त महत्त्वाची.

तिसरी गोष्ट, ठसा बरोबर असला तरी कागदपत्रं कच्ची असतील तर तो टिकत नाही. राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात पितळी लोट्यावरचा ठसा आरोपीशी जुळल्याचा अहवाल होता. पण लोटा विनाकारण काही दिवस पोलीस ठाण्यात पडून राहिला, कोर्टापुढं तो हजरच केला गेला नाही आणि आरोपीचे नमुना ठसे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले नव्हते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं या पुराव्यावर विश्वास ठेवायला नकार दिला आणि शिक्षा रद्द केली. वस्तू कुणी उचलली, कधी सील केली, कुणाकडं दिली, या साखळीतली एक कडी निसटली की तज्ज्ञाची मेहनत वाया जाते. पंच म्हणून सही करणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवावं. जे डोळ्यांनी पाहिलं त्याच पंचनाम्यावर सही करावी.

डीएनए आणि आवाज : काम नांदेडच्या प्रयोगशाळेचं

इथं एक फरक लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात बोटांच्या ठशांचं काम राज्य सीआयडीच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडं असतं आणि त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. रक्त, लाळ, केस, डीएनए, विष आणि आवाजाच्या नमुन्यांचं काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडं असतं. त्यांचं मुख्यालय मुंबईत कालिना इथं असून नांदेडलाही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. कुठल्या तपासण्या नांदेडला होतात आणि कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत, हे नमुन्यावर अवलंबून असतं.

डीएनएचा पुरावा किती बोलका असतो, हे २६/११ च्या खटल्यात दिसलं. अतिरेकी ज्या ‘कुबेर’ बोटीतून आले, तिच्यातल्या वस्तूंवर घाम आणि लाळ यांचे डाग होते. त्यांची डीएनए तपासणी झाली आणि ते डाग कसाब व त्याच्या साथीदारांशी जुळले. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात या पुराव्याची नोंद घेतली.

ठसे द्यावेच लागतात का?

आरोपीकडून ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं १९६१ साली ठरवलं. तो खटला मुंबई राज्याचाच होता. २०२२ पासून नवा ओळख कायदा लागू आहे. त्यानुसार अटक झालेल्याचे बोटांचे, तळहाताचे, पायाचे ठसे, फोटो, बुबुळाची नोंद घेता येते आणि ती ७५ वर्षं ठेवता येते. रक्तासारखे नमुने द्यायला मात्र आरोपी नकार देऊ शकतो. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा असेल, किंवा सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेचा असेल, तर नकार चालत नाही.

निर्दोष सुटलेल्या माणसानं एक गोष्ट विसरू नये. आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलासकट प्रकरण संपलं असेल, तर त्याची नोंद नष्ट करायची तरतूद कायद्यात आहे. कोर्टानं वेगळा आदेश दिला असेल तर गोष्ट निराळी. याबाबत वकिलाकडून अर्ज करून घ्यावा.

आपल्या अंगठ्याचीही चोरी होते

ठसेतज्ज्ञाचं काम आता चोराचा ठसा शोधण्यापुरतं राहिलेलं नाही. कधी कधी ठसाच चोरीला जातो. २०१८ मध्ये शेजारच्या तेलंगणात पेद्दापल्ली जिल्ह्यात सिमकार्ड विकणाऱ्या एकाला पोलिसांनी पकडलं. त्यानं जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे लोकांच्या अंगठ्यांचे ठसे इंटरनेटवरून उतरवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नकळत हजारो सिमकार्डं चालू केली. याच युक्तीनं खात्यातून पैसे काढता येतात, आणि अशा वेळी ओटीपी येत नाही.

आधार प्राधिकरणानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे ओळखण्यासाठी नवी तपासणी सुरू केली. तरी आपली काळजी आपण घेतलेली बरी. एम-आधार अ‍ॅपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ची सोय आहे. लॉक केलं की कुणाचंही मशिन आपला अंगठा मान्य करत नाही. रेशन घ्यायच्या किंवा पैसे काढायच्या वेळी थोडा वेळ उघडता येतं. म्हाताऱ्या आई-वडिलांचं लॉक करून देताना रेशनच्या दिवशी ते उघडायची आठवणही ठेवावी. सेवा केंद्रावर अंगठा लावताना “लागला नाही, परत लावा” असं दोन-तीनदा झालं, तर दरवेळची पावती किंवा मोबाइलवरचा मेसेज बघूनच उठावं. अंगठा न लावता पैसे गेले तर लगेच बँकेला कळवावं आणि १९३० वर तक्रार नोंदवावी.

या कामात जायचं कसं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. राज्यात २०२५ पासून फिरत्या फॉरेन्सिक व्हॅनही दाखल झाल्या. म्हणजे या कामाला माणसं लागणार आहेत.

पहिली पायरी बारावी सायन्स. त्यानंतर दोन वाटा आहेत. एक, थेट फॉरेन्सिक सायन्समध्ये बीएस्सी. मराठवाड्यातल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था जवळची. मुंबई आणि नागपूरलाही अशा संस्था आहेत. दुसरी वाट म्हणजे रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांपैकी विषयात जवळच्या कॉलेजातून बीएस्सी करून पुढं फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी. गुजरातेत गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. डीएनएकडं जायचं तर जीवशास्त्र, विष आणि रसायनांकडं जायचं तर रसायनशास्त्र पक्कं हवं.

नोकरीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. राज्याच्या प्रयोगशाळांत वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशी पदं असतात. काही विभागाच्या परीक्षेतून, काही एमपीएससीतून भरली जातात. अंगुलीमुद्रा केंद्रात लागलेल्यांना आधी प्रशिक्षण असतं. मग केंद्रीय अंगुलीमुद्रा ब्युरोची अखिल भारतीय परीक्षा पास व्हावी लागते, तेव्हा कुठं ‘तज्ज्ञ’ म्हणून कोर्टात उभं राहता येतं. केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा पुणे आणि हैदराबादला आहेत. देगलूरच्या मुलाला हैदराबाद तर मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. जाहिरात निघाली की पात्रता नीट वाचावी, कारण प्रत्येक पदाला वेगळा विषय मागितलेला असतो.

दोन गोष्टींत फसू नये. शवविच्छेदन करणारे डॉक्टर वेगळे, त्यासाठी एमबीबीएस लागतं. आणि सहा महिन्यांचा खासगी डिप्लोमा घेऊन कुणी सरकारी ठसेतज्ज्ञ होत नाही. फी भरण्याआधी संस्थेला विद्यापीठाची मान्यता आहे का, पदवी यूजीसीला चालते का, हे पाहावं.

मुलींनी हे क्षेत्र आपलं नाही असं समजू नये. डॉ. रुक्मणी कृष्णमूर्ती यांनी कालिनाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली आणि राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासात त्यांनी काम केलं.

मात्र टीव्हीवरच्या मालिकांत दाखवतात तसं हे काम पाच मिनिटांत उरकत नाही. रात्री-अपरात्री फोन येतो. कुजलेल्या मृतदेहाची बोटं हातात धरून ठसे घ्यावे लागतात. दिवसच्या दिवस भिंगाखाली डोळे लावून बसावं लागतं. आणि चार-पाच वर्षांनी, बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली असताना, जुन्या खटल्यात साक्षीचं समन्स येतं. आरोपीचे वकील तासभर उलटतपासणी घेतात. पावडर कुठली वापरली, फोटो कधी काढला, सील कुणी तोडलं, किती खुणा जुळल्या? तेव्हा आठवणीवर नव्हे, त्या दिवशी लिहिलेल्या नोंदीवर उत्तर द्यावं लागतं. तज्ज्ञाचं मत कोर्टावर बंधनकारक नसतं. ते पटवून द्यावं लागतं. भरवशाचं नसेल तिथं “सांगता येत नाही” असं लिहायची हिंमत हीसुद्धा या नोकरीची पात्रताच आहे.

देगलूरसारख्या ठिकाणी वाढलेल्या मुलाकडं एक जादा गोष्ट असते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडत तो मोठा होतो. सीमेवरच्या गुन्ह्यात, तीन राज्यांच्या पोलिसांशी बोलताना, ही शिदोरी उपयोगी पडते.

तोवर बाकीच्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ आहे. पुढच्या वेळी शेजारी चोरी झाल्याचं कळलं, तर आत जाऊन कपाट बघायच्या आधी दाराला बाहेरून कडी लावा आणि उंबऱ्याबाहेर थांबा. चोर अंगठा ठेवून गेला असेल तर तो तिथंच राहू द्या.